घरावर सोलर बसवताना: सबसिडी पॅनेलला, बॅटरीचा हिशेब वेगळा

गेल्या मे महिन्यात भर दुपारी मावशीचा फोन आला. "अरे, गच्चीवर एवढे पॅनेल चढवले, ऊन अंगाची लाही करतंय, अन् घरातला पंखा बंद! लाइट गेली की सोलरही जातं का?" परभणीत त्या दिवशी त्यांच्या गल्लीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली होती आणि नवी यायला संध्याकाळ होणार होती. पारा ४३ च्या घरात, काका आजारी, आणि डोक्यावर ३ किलोवॅटचं सोलर निमूट पडलेलं.

यंत्रणेत काहीच बिघाड नव्हता. मावशीने जी घेतली होती ती तशीच चालते. पण हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो, कारण तिचा अर्ज मीच भरला होता. ती गोष्ट मला फार लागली. त्यानंतर नात्यातली आणि गल्लीतली सात-आठ घरं मी अर्जापासून मीटरपर्यंत सोबत राहून पूर्ण केली. जे ज्या क्रमाने कळायला हवं होतं, त्याच क्रमाने इथे लिहितो.

सरकार नेमके पैसे कशाचे देतं

केंद्राची योजना आहे "पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना". फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरं हे उद्दिष्ट, ७५,०२१ कोटींची तरतूद, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. सबसिडीचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, आणि तिथे थांबा. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ ला ७८,०००. तुम्ही ५ किलोवॅट बसवा की ८, हातात ७८,०००च येणार.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पॅनेलची एकूण क्षमता आणि सोलर इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांत जी कमी, ती सबसिडीसाठी धरतात. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, सोबत ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर ३ धरले जातात आणि पूर्ण ७८,००० मिळतात. पण "५४० ची पाचच बसवू, पुरतात" असं कोणी म्हणालं तर ती होतात २.७ किलोवॅट, आणि सबसिडी येते ७२,६००. एका पॅनेलपायी ५,४०० रुपये कमी. पाच पुरत असतील तर जरूर पाच घ्या, पण हे माहीत असून घ्या.

"३०० युनिट मोफत" ही जाहिरात ऐकून बरेच जण समजतात की महावितरण बिलातून ३०० युनिट वजा करणार. तसं नाही. युनिट तुमचं छत तयार करणार. सरकार फक्त यंत्रणेच्या खर्चातला वाटा उचलतं.

राज्य सरकारचीही जोड आहे, आणि ज्यांना ती सगळ्यात जास्त लागू पडते त्यांच्यापर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही, म्हणून ठळक सांगतो. २०२५ मध्ये आलेली "स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप" म्हणजेच "स्मार्ट" योजना ही दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आर्थिक दुर्बल घरांसाठी आहे, १ किलोवॅटपुरती. केंद्राच्या ३०,००० वर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये. १ किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे अडीच हजारच घालावे लागतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, वाड्यावरचे, वस्तीवरचे लोक यांच्या बिलावर एकदा नजर टाका. बसत असतील तर त्यांना घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा.

बॅटरीला या घरगुती योजनेत वेगळी सबसिडी नाही. "बॅटरीसकट सबसिडी" असं फलकावर लिहिलेलं दिसलं तर समजा, पॅनेलचेच ७८,००० विकणारा एकूण रकमेतून वजा करून दाखवतोय.

आणि शेतीच्या योजना यात मिसळू नका. कुसुम, "मागेल त्याला सौर कृषी पंप" या पंपाच्या योजना. त्यांचे अर्ज, पोर्टल, हिस्सा सगळं वेगळं. आखाड्यावर, म्हणजे शेतात, घर बांधून राहता आणि तिथली लाइट पंपाच्या कनेक्शनवरून ओढलेली असेल, तर सूर्यघरचा अर्ज चालणार नाही. आधी त्या घराला घरगुती कनेक्शन घ्यावं लागेल.

बिल हातात घ्या

सोलर बसवणाऱ्या एजन्सीवाल्याला फोन लावायच्या आधी लाइट बिल घेऊन बसा. त्यावरच्या चार गोष्टी कागदावर उतरवा: बारा आकडी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, मंजूर भार, आणि मागच्या महिन्यांचा वापर. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्याचं बिल आणि डिसेंबरचं बिल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कूलर बंद झाला की वापर निम्म्यावर. म्हणून एका महिन्यावरून ठरवू नका, बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा.

मराठवाड्यात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं धरा, महिन्याला साधारण १२०. पावसाळ्यात झाकोळ असला की कमी. आणि ज्यांना वाटतं मे महिन्यात सर्वांत जास्त, त्यांच्यासाठी: पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता नाही. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर जसं चढतं तसं दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. आपल्या मेच्या दुपारी पॅनेल ६० च्या पुढे तापतं. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ, जरा थंड दिवसांत सोलरच्या मोबाइल ॲपवर जे आकडे दिसतात, ते मेमध्ये दिसले नाहीत तर घाबरू नका.

सरासरी वापर २०० ते २४० युनिट असेल तर २ किलोवॅट, ३०० च्या आसपास असेल तर ३ किलोवॅट. "पुढे एसी घेऊ, गाडी घेऊ" म्हणून ५ किलोवॅट गळ्यात मारणारे भेटतात. ३ च्या वरच्या प्रत्येक किलोवॅटचा खर्च तुमच्याच खिशातून जातो हे ध्यानात ठेवा. आणि वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण ते वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या कमी दराने. विकून कमाई करण्यासाठी हे बसवायचं नसतं.

महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यापुढे. सोलर सगळ्यात आधी वरचे महागडे युनिट खातं. त्यामुळे ३०० च्या पुढे बिल जाणाऱ्या घराचे पैसे लवकर वसूल होतात, आणि ८० युनिटवाल्या घराने "स्मार्ट" योजनेत बसत असेल तरच विचार करावा असं माझं मत आहे.

बिलावर कोणाचं नाव आहे?

जितके अर्ज अडलेले पाहिले त्यातले निम्मे इथेच. घर वडिलांनी बांधलेलं, मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली, आणि अर्ज करणारा नातू. बिल वेळेवर भरत आलात म्हणून कोणी कधी विचारलं नाही. आता विचारतील. अर्जदाराचं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. आधी महावितरणकडे नावात बदल करून घ्या; त्याला वारसाचे किंवा घराच्या मालकीचे कागद लागतात, भावाभावांची संमती लागते. घरात वाटणीचा विषय निघतो आणि गाडी तिथे अडते. म्हणून हे काम सगळ्यात आधी, एजन्सीला एक रुपयाही द्यायच्या आधी.

माझ्या मामांचं नाव बिलावर वडिलांच्या नावाशिवाय, आणि पासबुकात आडनाव आधी. यंत्रणा बसली, मीटर लागलं, सबसिडी मात्र अडकली. बँकेत दोन चकरा, नावाची दुरुस्ती, पुन्हा कागद चढवणं, यात दोन महिने गेले. आधार, बिल, पासबुक समोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

थकबाकी असेल तर भरून टाका. मंजूर भार कमी असल्याची काळजी फार करू नका. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मंजूर मानतात, आणि लागणारा वाढीव भारही महावितरणने करून द्यायचा असतो.

छत

१ किलोवॅटला ढोबळमानाने १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा. ३ ला ३००. आता "सावली नसलेली" हे शब्द नीट घ्या. सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याची भिंत, लिंबाचं झाड यांची सावली कुठे फिरते ते एखाद्या रविवारी बसून बघा, खडूने रेघ मारा. आणि हे उन्हाळ्यात पाहिलं असेल तर लक्षात ठेवा, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली झुकतो आणि सावल्या लांबतात. पॅनेल एकामागे एक माळेसारखी जोडलेली असतात; एकावर टाकीची सावली पडली की अख्खी माळ मंदावते. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. आपण १८ ते २० अक्षांशांत आहोत, त्याला हे जुळतं.

स्लॅबचं घर असेल तर प्रश्न थोडा. स्लॅबला थेट भोक पाडू देऊ नका. वर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात पाय घ्यायला सांगा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गळती. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच करून घेतलं तर खाली पापड-कुरडया वाळतात आणि उन्हाळ्यात झोपताही येतं, पण त्याला खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोरही वाढतो. वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते आपण दरवर्षी पाहतो. उंच स्ट्रक्चर हवं तर जाड, गरम जस्तात बुडवलेलं लोखंड घ्या आणि ते ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकतं असं कराराच्या कागदावर लिहून घ्या.

माळवदाचं घर असेल तर मनापासून सांगतो, त्यावर चढवू नका. आधीच लाकडावर मातीचा थर, त्यावर एकेक पॅनेल पंचवीस-तीस किलोचं, शिवाय लोखंड आणि ठोकळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड छतांनी काय केलं, ते लातूर-धाराशिवच्या लोकांना वेगळं सांगायला नको. अंगणात, गोठ्याच्या बाजूला जमिनीवरून लोखंडी मंडप उभारून त्यावर पॅनेल घेता येतात का, ते एजन्सीला आणि महावितरणला आधी विचारा. पत्र्याच्या घराला खालचे अँगल तपासून घ्या. भार पत्र्यावर जाता कामा नये, अँगलवर गेला पाहिजे.

अर्ज आणि एजन्सी

पोर्टल एकच: पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर तिथे काही भरू नका. राज्य महाराष्ट्र, वितरण कंपनी महावितरण निवडा, ग्राहक क्रमांक टाका, आणि मोबाइल क्रमांक तुमचाच द्या. "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही आमच्या नंबरवरून करतो" असं म्हणतात. करू देऊ नका. ओटीपी त्यांच्याकडे गेला की अर्ज कुठवर आलाय हे तुम्हाला त्यांनाच विचारावं लागतं, आणि उद्या एजन्सी बदलायची म्हटली तर हात बांधलेले. पोर्टल जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा; तासाभराचं काम आहे.

पोर्टलवर तुमच्या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत एजन्सींची यादी दिसते. सबसिडी हवी तर त्यातलीच एजन्सी लागते. तिघांकडून लेखी कोटेशन घ्या आणि ती शेजारी शेजारी ठेवा. केंद्राने सबसिडी ठरवताना पहिल्या दोन किलोवॅटना ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० हा खर्च धरला होता, म्हणजे ३ किलोवॅटला १,४५,०००. बाजारात आकडा याच्या वर जातो, कारण सबसिडीसाठी पॅनेल आणि त्यातले सोलर सेल दोन्ही भारतात बनलेली हवीत, त्यांना "डीसीआर" म्हणतात, आणि ती महाग पडतात. पण ५० हजारांनी वर असेल तर का, ते ओळीओळीने विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, हेही बघा.

कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी नंतर मागता येत नाहीत. पॅनेलची कंपनी आणि वॅट, डीसीआर असल्याचं प्रमाणपत्र, इन्व्हर्टरची कंपनी आणि वॉरंटी, पॅनेलची २५ वर्षांची उत्पादन हमी, एजन्सीची ५ वर्षांची देखभाल, वायरची लांबी, स्ट्रक्चरची उंची, आणि अर्थिंग. अर्थिंगवर मी हट्ट धरतो. पॅनेलच्या बाजूला एक, घरच्या बाजूला एक आणि वीजरोधकाला स्वतंत्र एक, असे तीन खड्डे. आपल्याकडे मे-जूनमध्ये वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, आणि आपण गच्चीवर लोखंडाचा मांडव उभा करतोय. बीड-अंबाजोगाईकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत साधं अर्थिंग धरत नाही. तिथे केमिकल अर्थिंगच घ्या. दोन खड्ड्यांत भागवू म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

पैसे टप्प्याने द्या. सबसिडी शेवटी येते, तुमच्या खात्यात येते, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. नसेल तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला तारणाशिवाय २ लाखांपर्यंत कर्ज देतात, व्याज साधारण ६ ते ७ टक्क्यांच्या आसपास. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. सबसिडी आली की ती थेट कर्जात भरून टाका. सोयाबीनचे पैसे आल्यावर देऊ असं म्हणून सावकाराकडून उचलून सोलर बसवू नका, त्या व्याजात बिलातली सगळी बचत जाते. सबसिडीच्या नावाखाली कोरा चेक मागणारा कितीही गोड बोलो, चेक द्यायचा नाही.

बॅटरी: इथे घाई नको

आता मावशीच्या प्रश्नाकडे. साधं, बॅटरीविना सोलर, ज्याला ऑन-ग्रिड म्हणतात, ते लाइनवर लाइट असेल तरच चालतं. लाइट गेली की त्याचा इन्व्हर्टर क्षणात स्वतःला बंद करतो, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. कल्पना करा, डीपी बंद करून लाइनमन खांबावर चढलाय आणि तुमच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत जातेय. त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर बंद होतो. तपासणीच्या दिवशी मेन स्विच पाडून तो खरंच बंद होतो का, हे स्वतः बघा.

मग लाइट गेल्यावरचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली, आणि बहुतेक घरांना मी हीच सांगतो: घरात आधीपासून असलेला साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी तशीच राहू द्या. ती लाइनवरून चार्ज होते, आणि तेवढे युनिट वरचं सोलर भरून काढतं. नवा खर्च शून्य. आकडे बघा: साधे दोन पंखे १५० वॅट, पाच बल्ब ४५ वॅट, वायफाय १० वॅट, मिळून साधारण २०० वॅट. पाच तासांना एक युनिट. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागणाऱ्या नेहमीच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे वापरायला सुमारे ०.९. चार तास निघतात. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे लावले तर तेच दोन पंखे ६० वॅटवर येतात, आणि त्याच बॅटरीवर सात तास. नवी बॅटरी घेण्याआधी दोन पंखे बदला.

दुसरी वाट, हायब्रिड इन्व्हर्टर. हा लाइनलाही जोडलेला असतो आणि बॅटरीलाही, आणि लाइट गेली की लाइनपासून सुटून पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवतो. दिवसा तासन्तास लाइट जाणाऱ्या गावांत, पिठाच्या गिरणीसाठी नाही, पण दवाखाना, औषधांचा फ्रिज, ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या घरी हा खर्च सार्थ आहे. काका आजारी असल्यामुळे मावशीकडे शेवटी हेच केलं, आणि आधीच हायब्रिड घेतला असता तर चांगला चालणारा इन्व्हर्टर काढून ठेवावा लागला नसता. म्हणून आज बॅटरी नको असली तरी पुढे लागेल असं वाटत असेल, तर पहिल्याच दिवशी हायब्रिड इन्व्हर्टरचा दर विचारून ठेवा. सबसिडी पॅनेलची मिळते ती मिळतेच, फक्त यंत्रणा लाइनला जोडलेली हवी; अर्जात हाच इन्व्हर्टर नोंदवला जाईल असं एजन्सीकडून लिहून घ्या. हायब्रिडवर अख्खं घर चालत नाही हेही समजून घ्या. बॅकअपच्या वायरिंगवर घ्यायचे ते दोन पंखे, दिवे, फ्रिज. बोअरची मोटर आणि गिझर त्यावर टाकला तर बॅटरी लवकर उतरते.

तिसरी वाट, ऑफ-ग्रिड, लाइनशी संबंधच नाही. तिला सूर्यघरची सबसिडी नाही. लाइनच न पोहोचलेल्या आखाड्यापुरती ठीक.

बॅटरी लिथियम घ्यावी की ट्यूब्युलर? लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट मागा. ४८ व्होल्ट १०० एएचच्या एका पेटीत ४.८ युनिट आणि त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास वापरता येतं, पाणी घालावं लागत नाही, हजारो वेळा चार्ज होते. सुरुवातीची किंमत मात्र जड. ट्यूब्युलर स्वस्त, दुरुस्ती गावात होते, पण डिस्टिल्ड वॉटर पाहत राहावं लागतं. कोणतीही घ्या, ठेवायची घरातल्या सगळ्यात थंड, हवेशीर कोपऱ्यात. जिन्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसलेली मी पाहिली आहे.

मीटर, तपासणी, पैसे

यंत्रणा बसली की एजन्सी फोटो आणि पॅनेलचे सिरियल नंबर पोर्टलवर चढवते. ते नंबर तुम्ही स्वतः पॅनेलच्या मागे वाकून पाहा आणि वहीत लिहा. डीसीआर म्हणून विकलेलं पॅनेल खरंच डीसीआर आहे का, ते या नंबरवरूनच ठरतं. मग महावितरणशी नेट मीटरिंगचा, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याचा, करार होतो, जुनं मीटर काढून दोन्ही दिशांनी मोजणारं मीटर लागतं, पाहणी होते आणि यंत्रणा सुरू झाल्याची नोंद होते. या टप्प्यावर वेगळे पैसे मागितले गेले तर पावती मागा.

त्यानंतर पोर्टलवर बँक खात्याचा तपशील आणि पासबुक किंवा रद्द केलेला चेक चढवायचा. सबसिडी ३० दिवसांत येणं अपेक्षित असतं. उशीर झाला तर पोर्टलवर तक्रार टाका, योजनेच्या १५५५५ वर फोन करा. मीटरचं काम अडलं असेल तर महावितरणचा १९१२ किंवा १८००-२३३-३४३५. तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

पहिल्या बिलाला गोंधळ होतो. मोबाइलच्या ॲपवर ३५० युनिट तयार झाल्याचं दिसतं आणि बिलावर निर्यात २३० च. बाकीचे १२० कुठे गेले? ते दिवसा तुमच्याच फ्रिज-पंख्यांनी परस्पर खाल्ले, मीटरपर्यंत आलेच नाहीत. रात्री लाइनवरून १९० घेतले असतील तर २३० वजा १९०, म्हणजे ४० युनिट पुढच्या महिन्यात जमा. ही शिल्लक ३१ मार्चपर्यंत पुढे सरकत राहते. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. "बिल झीरो" म्हणणाऱ्याने हे सांगितलेलं नसतं.

सोसायटीत राहत असाल तर सामाईक लिफ्ट, पंप, दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. तो अर्ज सोसायटीने करायचा.

मीटर लागल्यावर राहते ती धूळ. रस्त्याकडेचं घर, जवळ वीटभट्टी किंवा मळणी असेल तर पंधरा दिवसांत पॅनेल मळकट होतात. पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, पॅनेल गार असताना, मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जायची भीती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात पॅनेल धुवायला पाइप लावणं मला पटत नाही. अर्धी बादली आणि लांब दांड्याचा ओला मॉप पुरतो, आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही राहत नाहीत. गच्चीवर चढताना घरात कोणाला तरी सांगून चढा.

इन्व्हर्टरशेजारी खिळ्याला प्लास्टिकची एक पिशवी अडकवा. त्यात करार, बिल, डीसीआर प्रमाणपत्र, सिरियल नंबरची वही, देखभाल करणाऱ्याचा फोन नंबर, आणि मेन स्विच कोणता ते घरातल्या सगळ्यांना कळेल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद. मावशीकडची पिशवी लाल आहे, आणि पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा काकांनी खाटेवरूनच मुलाला सांगितलं, लाल पिशवीतला कागद बघ.